चोवीस तासांचं चॅनेल, की रविवारची ठरलेली वेळ?

प्रश्न डिचोलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. त्या लिहितात: "माझी नात सात वर्षांची. टीव्हीवर दोनशेच्या वर चॅनेल येतात, पण तिच्याबरोबर बसून मला बघता येईल असं एकही सापडत नाही. जुने कौटुंबिक चित्रपट आणि जुनी कार्टून यांचं स्वतंत्र चॅनेल का नाही? त्यांची तेवढी लायकी नाही का? आणि माळ्यावर खोकं भरून जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत, त्यांचं काय करू तेही सांगा."

बाई, लायकीचा मुद्दा आधी संपवतो. लायकी आहे, भरपूर आहे. १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात 'टॉम अँड जेरी'चे ११४ लघुपट केले आणि त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालं. अशा कामाला पडद्यावर जागा मागितली तर त्यात चुकीचं काहीच नाही. पण तुमची खरी अडचण मला त्या दोन शब्दांत दिसते: "बरोबर बसून". चॅनेल निघालं तरी ती सुटेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवाने त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं येतं. या कामाला चोवीस तासांचं चॅनेल देऊ नये, आठवड्यातली ठरलेली वेळ द्यावी आणि ती वेळ सांभाळायला एक जाणता माणूस द्यावा, असं माझं मत आहे. ते का, हे सविस्तर सांगतो.

मी १९९४ साली म्हापशात केबलच्या कंट्रोल रूममध्ये लागलो. तेव्हा कंट्रोल रूम म्हणजे एक खोली, गच्चीवर चार डिश, आत तीन व्हीसीआर. पुढे स्थानिक चॅनेलचा, आणि मधली काही वर्षं मुंबईत एका मराठी वाहिनीचा एफपीसी मी बनवला. कुठल्या वारी कुठल्या वेळेला काय लागणार याच्या तक्त्याला एफपीसी म्हणतात. तो बनवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती रिकाम्या वेळेची वाटते. म्हणून चॅनेल काढा असं कुणी म्हटलं की माझा हात आधी हिशेबाकडे जातो.

वर्षाचे तास ८,७६०. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती आणि प्रोमो चालतात, उरली ४८ मिनिटं. म्हणजे वर्षाला साधारण ७,००० तासांचा माल हवा. आता आपल्या आठवणीतली कार्टून मोजू. 'टॉम अँड जेरी'चे १९६७ पर्यंतचे चित्रपटगृहासाठी केलेले सगळे लघुपट धरले तर १६१, प्रत्येकी सातेक मिनिटांचे. एकूण १९ तास भरतात. ज्या मांजर-उंदरावर दोन-तीन पिढ्या वाढल्या, ते सगळे मिळून टीव्हीच्या एका दिवसात संपतात! 'फ्लिंटस्टोन्स'चे १६६ भाग, त्यांचे ६९ तास. 'डकटेल्स'चे १०० भाग, ३७ तास. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचा तो जपानी बनावटीचा मोगली, ५२ भाग, वीसेक तास. बेरीज १४५ तास. जाहिरातींसकट आठवडाभर पुरतील, फार तर अर्धा दिवस वर.

मराठी कौटुंबिक चित्रपटांची यादी मी वाहिनीत असताना एकदा केली होती. दाखवण्याजोगी प्रिंट, हक्कांची कागदपत्रं स्वच्छ आणि आजी-नात दोघींनी बघावा असा विषय, या तीन चाळण्या लावल्यावर माझ्या हातात शंभर-सव्वाशे चित्रपट राहिले. ते आणखी पंधरा दिवस चालले असते. एकूण तीन आठवडे झाले की तक्ता पुन्हा पहिल्या ओळीवर.

तुम्ही म्हणाल, मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आवडते. खरं आहे, तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या माणसाला ते मी सांगायला नको. वाहिन्यासुद्धा सहा तासांचा माल दिवसातून चार वेळा फिरवतात. त्या पद्धतीनेही आपल्या यादीतली प्रत्येक गोष्ट वर्षात सोळाएक वेळा लागेल. त्याचा परिणाम मी पाहिला आहे. "आज नाही बघितलं तरी उद्या आहेच" असं एकदा मनात बसलं की माणूस बसणं सोडून देतो. चॅनेल चालू असतं, घरातली माणसं आपापल्या कामात असतात.

अमेरिकेतलं गणित वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. तिथे एकेका कंपनीच्या कपाटात 'लुनी ट्यून्स'चेच हजारभर लघुपट पडलेले आहेत. म्हणून तिथे असे प्रयोग झाले आणि त्यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. टर्नर क्लासिक मूव्हीज हे चॅनेल १४ एप्रिल १९९४ रोजी सुरू झालं. चित्रपटाच्या मध्ये जाहिरात नाही, पैसा केबलच्या वर्गणीतून, आणि रॉबर्ट ऑस्बर्न हा गृहस्थ पहिल्या दिवसापासून चित्रपटाआधी समोर येऊन दोन शब्द बोलायचा. हा चित्रपट कुणी केला, कशात काय बघायचं. दोन दशकं त्याने हे केलं. २०२३ साली त्या चॅनेलच्या वरिष्ठ मंडळींना कंपनीने काढलं तेव्हा स्पीलबर्ग आणि स्कॉर्सेसी यांच्यासारखे दिग्दर्शक मालकांशी बोलायला गेले. एखाद्या वाहिनीच्या नोकरवर्गासाठी दिग्दर्शकांनी धाव घ्यावी, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उलट एएमसी, म्हणजे अमेरिकन मूव्ही क्लासिक्स. १९८४ साली तेही जुन्या चित्रपटांचंच चॅनेल म्हणून निघालं होतं. पुढे जाहिराती आल्या, मग नव्या मालिका आल्या, आणि आज त्या नावातले 'क्लासिक' चित्रपट लोक विसरून गेले आहेत. बूमरँग हे जुन्या कार्टूनचं चॅनेल १ एप्रिल २००० रोजी निघालं आणि हळूहळू नव्या मालिकांकडे वळलं. २५ जून २०२४ रोजी तिथे मीटीव्ही टून्स हे नवं मोफत चॅनेल फक्त जुन्या कार्टूनसाठी सुरू झालं, म्हणजे मागणी मेलेली नाही. पण ही चॅनेल मूळ वाटेवरून का सरकतात याचं कारण मला आतून माहीत आहे. जाहिरातदार वेळ विकत घेतो तेव्हा वयाचा गट सांगतो. मुलांच्या चॅनेलवर मुलं मोजली जातात, चित्रपटांच्या चॅनेलवर मोठी माणसं. आजी आणि नात एकाच सोफ्यावर बसल्या होत्या, या गोष्टीचा आकडा माझ्या सगळ्या वर्षांत एकाही जाहिरातदाराने मागितला नाही. शिवाय दप्तर, डबे, पाण्याच्या बाटल्या यांवर नवीन पात्रांची चित्रं विकली जातात, म्हणून मुलांच्या वस्तू बनवणाऱ्यांना नवीन मालिका हवी असते.

आपल्याकडे याची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे १९९५ साली आलेलं कार्टून नेटवर्क. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटी या चॅनेलवर जुने हॉलिवूडचे चित्रपट. तुम्हाला आठवत असेल. एकाच चॅनेलच्या जागेत दोघांचा संसार होता. म्हापशात आमच्याकडे रोज संध्याकाळी फोन यायचे की कार्टून बंद का झालं. आणि तरीही मला वाटतं, मुलांना झोपेची वेळ आणि मोठ्यांना चित्रपटाची वेळ देणारी ती व्यवस्था नंतरच्या चोवीस तासांपेक्षा घरासाठी चांगली होती.

मराठीचं आणि त्यातही गोव्याचं गणित आणखी तंग आहे. दक्षिणेत सन समूहाने तमिळमध्ये चुट्टी, तेलुगूत खुशी, कन्नडमध्ये चिंटू, मल्याळममध्ये कोच्चू अशी मुलांची चॅनेल काढली. मराठीत चित्रपटांची चॅनेल आहेत, झी टॉकीज २००७ पासून आहे. मुलांसाठी ईटीव्ही बालभारतने २०२१ मध्ये मराठीतूनही सुरुवात केली. पण आपल्या मुलांचं बहुतेक कार्टून हिंदीत होतं आणि आहे. प्रेक्षक मोजताना महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. त्या आकड्यात डिचोलीचं घर कुठे दिसणार? आणि आपलं घर तर कोकणी बोलणारं, मराठी वाचणारं, हिंदी कार्टून बघणारं आणि इंग्रजी शाळेत जाणारं. कुठल्या एका भाषेचं चॅनेल आपल्यासाठी पूर्ण पुरेल असं मला वाटत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे तिकडे येतो. २००१ सालची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आम्ही एका वितरकाकडून काही जुन्या मराठी चित्रपटांचे पाच दिवसांचे हक्क रीतसर घेतले आणि रोज दुपारी तीन वाजता एकच चित्रपट लावायचा असं ठरवलं. दुपारी तीन का, तर चवथीला गोव्यातला माणूस मूळ घरी असतो. जेवण झालेलं असतं, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, मुलं लोळत असतात, बायकांना भांडी आवरून जरा टेकायचं असतं, संध्याकाळच्या आरतीला वेळ असतो. मुंबईहून आलेला काका, मडगावची आत्या, सगळे त्याच वेळी त्याच खोलीत. आदल्या दिवसापासून आम्ही पट्टी फिरवली: उद्या दुपारी तीन.

पहिल्या दिवशी चित्रपट संपल्यावर फोन सुरू झाले. "तें कालचें पिक्चर परत केन्ना लायतले तुमी?" असं दुसऱ्या दिवशी विचारणारे होते. सत्तरी तालुक्यातल्या एका घरातून आलेला फोन अजून आठवतो. चित्रपट ऐन भरात असताना तिथली वीज गेली होती. घरात अठरा माणसं होती, सगळी मिळून त्या एका टीव्हीसमोर बसली होती, आणि वीज परत आली तेव्हा चित्रपट संपला होता. मधला भाग काय झाला ते निदान सांगा, असं फोनवरची म्हातारी म्हणत होती. मी तिला फोनवर गोष्ट सांगितली. ती मागे वळून खोलीला सांगत होती.

पुढच्या वर्षी मालकांना वाटलं, एका चित्रपटाने एवढं होतं तर चवथीचे पाचही दिवस अखंड चित्रपटच लावू. लावले. सकाळी सहापासून रात्री एकपर्यंत, मागच्या वर्षीच्या कितीतरी पट. फोन जवळजवळ आलेच नाहीत. चित्रपट तेच होते, काही तर जास्त चांगले होते. फक्त "तीन वाजता" हे गेलं होतं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हेच देशभर दिसलं. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. ती मालिका इंटरनेटवर त्याआधीही होती. पण घर एकत्र होतं आणि वेळ ठरलेली होती, म्हणून कोट्यवधी लोक बसले. त्या लाटेवर एप्रिलमध्ये डीडी रेट्रो हे जुन्या कार्यक्रमांचं वेगळं चॅनेलही सुरू झालं. पण माझ्या ओळखीच्या घरांत लोक आठवण काढतात ती त्या दोन "नऊ वाजतां"ची.

हे सगळं तुमच्या घराला लागू पडेलच असं नाही. नात शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते की वीकएंडला येते, तिच्या हातात फोन किती वेळ असतो, घरी केबल आहे की डीटीएच की नुसतं इंटरनेट, यावर पुष्कळ अवलंबून आहे. ज्या घरात आईबाप दोघं रात्री आठला घरी पोचतात तिथे दुपारी तीनला काही अर्थ नाही.

आता प्रिंटबद्दल. जुन्या चित्रपटांवर प्रेम आहे म्हणणाऱ्या चॅनेलनीसुद्धा त्यांना इथेच सगळ्यात जास्त दुखावलं आहे. जुना चित्रपट आणि जुनं कार्टून जवळजवळ चौकोनी असतं, रुंदी चार तर उंची तीन. आजचा टीव्ही सोळा बाय नऊ. मग कंट्रोल रूममधला माणूस दोनपैकी एक चूक करतो. चित्र दोन्ही बाजूंनी ओढतो, मग नायिका जाड दिसते आणि चेंडू लंबगोल होतो. किंवा वरखाली कापून पडदा भरतो, मग माणसांची कपाळं जातात. कार्टूनमध्ये तर हे फारच वाईट. तिथे चित्रकाराने चौकटीच्या वरच्या कडेला हातोडा टांगून ठेवलेला असतो आणि खाली मांजर बसवलेलं असतं. वरची कड कापली की हातोडाच गेला, मग मूल हसणार कशाला? बरोबर रीत एकच: चित्र मूळ आकारात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. आम्ही तसं दाखवायला लागलो तेव्हा "पडदा भरत नाही, तुमच्यात बिघाड आहे" अशा तक्रारी आल्या. मग सुरुवातीला दहा सेकंदांची सूचना लावायला लागलो: हा चित्रपट मूळ आकारात दाखवत आहोत. दोन आठवड्यांत तक्रारी थांबल्या.

दुसरी गोष्ट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, आपल्या टीव्हीची जुनी पद्धत २५ ची. पूर्वी टेपवर उतरवताना सेकंदाला एक चौकट वाढवून, म्हणजे चार टक्के जास्त वेगाने, चालवून द्यायचे. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज थोडा चढतो, अर्ध्या स्वराला जेमतेम पोचत नाही एवढा. बहुतेकांना कळत नाही. पण साखळी गावातल्या एका भजनी बुवांनी मला फोन करून सांगितलं होतं की गाणं चढ्या सुरात लागतंय, पेटीवर बसत नाही. त्यांचा कान बरोबर होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक टेपची लांबी मूळ चित्रपटाच्या नोंदीशी ताडून बघतो.

आणि मूळ सामग्रीच किती उरली आहे? पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरचे जुने चित्रपट जळाले, त्यात प्रभातचं कामही होतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन आणि १९५५ साली स्थापन झालेली बाल चित्रपट समिती या तिन्ही संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाल्या. म्हणजे मुलांसाठी सरकारी पैशाने झालेलं कितीतरी काम आज एकाच दाराआड आहे. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेला 'एक अनेक और एकता' त्यातलाच. तो सात मिनिटांचा आहे, बाई, आणि तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना पाठ असेल.

हक्कांबद्दल थोडक्यात. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली आलेल्या चित्रपटाची मुदत २०२० अखेर संपली. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, झाला मोफत. पण आतली कथा, पटकथा, गाणी यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. 'श्यामची आई'च घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून पुस्तक मोकळं. चित्रपट करणारे आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखणीची मुदत २०२९ अखेरपर्यंत. शिवाय कायद्याने मोकळ्या झालेल्या चित्रपटाची चांगली प्रिंट ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे जावंच लागतं. म्हणून प्रत्येक चित्रपटाची फाईल वेगळी करावी आणि वकिलाला दाखवल्याशिवाय एकही लावू नये. आमच्या पिढीतल्या पुष्कळ केबलवाल्यांनी भाड्याची कॅसेट आणून सरळ लावली. ते चूक होतं.

एक गोष्ट जुन्याच्या प्रेमात आपण विसरतो. सगळं जुनं मुलांना दाखवण्याजोगं नसतं. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन कार्टूनमध्ये काळ्या लोकांची टर उडवलेली आहे. आपल्या विनोदी चित्रपटांत तोतरेपणावर, जाडेपणावर, सावळ्या मुलीवर हशा वसूल केला आहे. कापून दाखवावं असं मला वाटत नाही, कारण कापलं की तो काळ खोटा होतो. काही गोष्टी लावूच नयेत. बाकीच्यांत शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने म्हणावं, "हे तेव्हा लोकांना चालायचं, आपल्याला चालत नाही." मूल तेवढ्याने समजतं. पण त्यासाठी शेजारी कुणी बसलेलं हवं, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या चॅनेलसमोर मूल बहुतेक वेळा एकटंच असतं.

इथवरचं एकत्र ठेवतो. काम मोलाचं आहे. चोवीस तास भरेल एवढं ते आपल्या भाषेत नाही, आणि परक्या भाषेतलं विकत घ्यायचं तर गोव्याच्या बाजारात परवडत नाही. भरलं तरी लोक एकत्र बसत नाहीत. ठरलेल्या वेळेला बसतात. प्रिंट चांगली हवी, हक्क स्वच्छ हवेत, निवडणारा माणूस हवा.

मग गोव्यात काय करता येईल? उपग्रह वाहिनी काढायची तर पहिल्या करमणूक वाहिनीसाठी कंपनीची नक्त मालमत्ता पाच कोटींची दाखवावी लागते, ते सोडा. पण केबल कंपनी स्वतःच्या जाळ्यावर स्वतःचं स्थानिक चॅनेल चालवू शकते. त्याला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी दर चॅनेलमागे एकदाच हजार रुपयांत होते, फक्त अशी चॅनेल एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. जागा आहे, परवानगी स्वस्त आहे. आपल्या स्थानिक चॅनेलवर आज बातम्या, तियात्र, नाटकं, वाढदिवसाच्या शुभेच्छा लागतातच. त्यात रविवारी सकाळी दहा ते दुपारी एक एवढी वेळ मागायची आहे.

त्या तीन तासांचा तक्ता मी असा लावेन. दहा वाजता तीन-चार लघुपट, शक्यतो संवाद नसलेले. टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नाहीत, म्हणून कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी असा झगडाच उरत नाही आणि डबिंगचा खर्चही वाचतो. त्यांचे हक्क महाग पडले तर फिल्म्स डिव्हिजनचे ॲनिमेशनपट आहेत. साडेदहाला एक छोटी मालिका, एकच भाग, पुढचा पुढच्या रविवारी. थांबायला लावणं महत्त्वाचं आहे, कारण आठवडाभर मूल त्यावर बोलतं. अकराच्या सुमारास चित्रपट, दोन तासांच्या आतला. त्याआधी कुणीतरी दोन मिनिटं समोर येऊन बोलायचं. हे माणूस टीव्हीवरचं नसलं तरी चालेल, आपल्याच गावचं असावं. गोष्टी सांगायची सवय असलेल्या निवृत्त शिक्षिकेइतकं योग्य माणूस मला सुचत नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो आहे. वर्षाला ५२ रविवार. बावन्न चित्रपट आणि दोनेकशे लघुपट, एवढं दरवर्षी नीट निवडून, नीट प्रिंट मिळवून करता येतं. माझी ती शंभर-सव्वाशेची यादी दोनेक वर्षं पुरते. तिसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली तर तोवर घरातली धाकटी बघण्याच्या वयाची झालेली असते.

केबल कंपनीला पत्र लिहिणार असाल तर "जुनं दाखवा" असं मोघम लिहू नका. वार, वेळ आणि पहिल्या चार रविवारांचे चित्रपट लिहा, खाली वाड्यावरच्या वीस घरांच्या ग्राहक क्रमांकांसह सह्या घ्या. वीस घरं छोट्या नेटवर्कला लहान नसतात. माझ्या टेबलावर आलेली अशी पत्रं मी वरपर्यंत नेली आहेत. नुसत्या तक्रारी फाईलला लागायच्या. तोपर्यंत वाट बघायची गरज नाही. प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी इथेच गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झालं आणि त्यावर दूरदर्शनचं जुनं काम बघता येतं. फोनवर बघू नका, टीव्हीला जोडा, आणि वेळ ठरवा. रविवारी सकाळी दहा म्हणजे दहा. नात पावणेदहाला उशी घेऊन येऊन बसली की समजा जमलं.

राहिल्या कॅसेट. खोकं माळ्यावरून आजच खाली घ्या. गोव्याच्या पावसाळ्यात कौलाखालची दमट हवा टेपला सगळ्यात वाईट. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. टेप वाचणारं हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागेल. चांगल्या आणि बुरशीच्या वेगळ्या करा. चांगल्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशीच्या कॅसेट साफ करून देणाऱ्याकडेच द्या, घरी पुसू नका. उतरवून घेताना आधी बाजारात मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेट सोडा आणि तुम्ही स्वतः टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या घ्या. त्यांत चित्रपटाच्या आधीची निवेदिका असेल, मधल्या जाहिराती असतील, "पुढील कार्यक्रम थोड्याच वेळात" असेल. त्या काळी टेप महाग होती, बऱ्याच ठिकाणी जुन्या टेपवरच नवीन रेकॉर्ड केलं जायचं, त्यामुळे असलं काही कंट्रोल रूममध्ये आमच्याकडेही उरलेलं नाही. उतरवणाऱ्याला सांगा, सुरुवात आणि शेवट कापू नको, चित्र ओढू नको, आहे तसं चौकोनी ठेव.